गावठाणाचा कोरा ठिपका

(अहिल्यानगर जिल्ह्यात सेवाकार्य करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात एका ज्येष्ठ पत्रकाराने 'भूकंपानंतरचे मदतकार्य आणि नकाशा' या विषयावर केलेल्या भाषणाचा हा संपादित पाठ.)



विषय तांत्रिक आहे आणि बोलणारा कलाशाखेचा पदवीधर आहे. तेव्हा उपग्रह, संगणक आणि त्यांच्या आज्ञावल्या यांविषयी अधिकारवाणीने बोलण्याचे धाडस मी करणार नाही. मात्र तीस वर्षांच्या वार्ताहरकीत एक गोष्ट मी वारंवार पाहिली आहे. आपत्तीची बातमी येते तेव्हा 'काय झाले' हे अर्ध्या तासात कळते, 'किती मोठे' हे दिवसभरात कळते. पण 'नेमके कुठे' हे कळायला कधीकधी दोन दिवस लागतात. आणि ढिगाऱ्याखाली अडकलेल्या माणसाच्या दृष्टीने या तीन प्रश्नांपैकी महत्त्वाचा प्रश्न एकच असतो.

किल्लारीपासून आरंभ करतो. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे. अनंत चतुर्दशीची विसर्जन मिरवणूक आटोपून गावे नुकतीच झोपी गेली होती. ६.२ तीव्रतेचा तो धक्का जगाच्या हिशेबात मध्यमच म्हणावा असा होता. त्यात आठ हजारांच्या घरात माणसे गेली आणि ५२ गावे पुरती उद्ध्वस्त झाली. आपण त्याला 'लातूरचा भूकंप' म्हणतो, 'किल्लारीचा भूकंप' म्हणतो. पण तेरणेच्या पलीकडची सास्तूर, होळी, पेठसांगवी ही गावे लातूर जिल्ह्यातली नव्हेत. ती तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यातली. भूकंप जिल्ह्याची हद्द पाहून होत नाही. मदत मात्र हद्द पाहून निघते, आणि वर्तमानपत्रात ज्या गावाचे नाव छापून येते त्या गावाकडे आधी निघते. त्या दिवसांत मदतीचे ट्रक आणि बघ्यांच्या गाड्या एकाच रस्त्यावर एकमेकांत अडकल्या होत्या. मोठ्या नावाच्या गावांत कपड्यांचे ढीग पडले आणि आडवाटेच्या गावांत पहिली भाकरी उशिरा पोहोचली. यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. कोणत्या गावाला किती मार बसला आहे, हे एका दृष्टिक्षेपात दाखवणारा कागद मदत करणाऱ्यांच्या हातात नव्हता.

कागद एक होता, तोही सांगून ठेवतो. देशाचे भूकंपप्रवणतेनुसार विभाग पाडणारा जो नकाशा तेव्हा प्रमाण मानला जात होता, त्यात हा भाग पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या विभागात रंगवलेला होता. १९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात किल्लारी परिसराने अनेक छोटे धक्के सोसले, माणसे घाबरून घराबाहेर झोपली, आणि पुन्हा घरात परतली. नकाशावरचा फिका रंग मात्र तसाच राहिला. २००२ मध्ये हा नकाशा सुधारला गेला, पहिला विभागच रद्द झाला आणि हा भाग तिसऱ्या विभागात आला. ज्यांना 'आपल्या नगर जिल्ह्याला कसला आलाय भूकंप' असे वाटते, त्यांनी एवढा इतिहास ध्यानात ठेवावा. जामखेडच्या वेशीपासून किल्लारी सरळ रेषेत दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. आपल्याच संगमनेर तालुक्याच्या पठार भागात, घारगाव-बोटा परिसरात, २०१८ साली सौम्य धक्के जाणवले होते. त्यावरून उद्याच काही होईल असे भाकीत करणारा माणूस लबाड समजावा. भूकंपाची वेळ सांगणारे शास्त्र अजून जगात कुठेही नाही. पण नकाशा काढून ठेवायला भाकिताची गरज नसते.

किल्लारीत माणसे कशाने मेली? घरांनी. दगड-मातीच्या दोन-दोन फूट जाडीच्या भिंती, आणि वर लाकडी सरे-तुळयांवर पसरलेले, वर्षानुवर्षे मातीचे थर चढवून जड झालेले माळवद. उन्हाळ्यात थंड आणि हिवाळ्यात उबदार. आपल्या जामखेड, कर्जत, पाथर्डी, शेवगाव या भागांत अशी घरे कमी झाली तरी संपलेली नाहीत. सिमेंटची इमारत पडते तेव्हा स्लॅबच्या तुकड्यांखाली पोकळी राहू शकते, त्यात माणूस काही काळ तग धरतो. माळवद पडते तेव्हा माती सगळ्या फटी भरून टाकते. माणूस गुदमरतो. म्हणून अशा गावांसाठी हाताशी असलेला वेळ दिवसांत मोजायचा नसतो, तासांत मोजायचा असतो. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी पुण्याजवळच्या सुदुंबऱ्याहून निघाली, अगदी तत्परतेने निघाली, तरी अकोल्याच्या घाटमाथ्यावर किंवा जामखेडच्या टोकाला पोहोचेपर्यंत पहिले मोलाचे तास गेलेले असतील. ते तास शेजाऱ्यांचे असतात, गावच्या तरुणांचे असतात.

आता हे 'भौगोलिक माहिती प्रणाली' प्रकरण काय आहे? इंग्रजी आद्याक्षरांनी तिला जीआयएस म्हणतात. मला समजले ते असे. एका पारदर्शक कागदावर जिल्ह्यातल्या नद्या काढा. दुसऱ्यावर रस्ते आणि पूल. तिसऱ्यावर गावे आणि त्यांची लोकसंख्या. चौथ्यावर कोणत्या गावात दगड-मातीची घरे किती ते. जनगणनेच्या वेळी भिंत कशाची आणि छप्पर कशाचे, हे प्रत्येक घरी विचारले जाते, आणि त्या आकड्यांच्या आधारे देशाचा जिल्हावार असुरक्षितता नकाशासंग्रह १९९७ पासून तीनदा प्रसिद्ध झाला आहे. पाचव्या कागदावर दवाखाने आणि रुग्णवाहिका. हे सगळे कागद एकाच मापाचे करून एकावर एक ठेवा आणि उजेडासमोर धरा. संगणक एवढेच करतो, पण तो प्रश्नही ऐकतो. भूकंपाचे केंद्र कळले की त्याला विचारता येते : केंद्रापासून पंचवीस किलोमीटरच्या आत असलेली, निम्म्याहून अधिक घरे दगड-मातीची असलेली, आणि जिथे जायच्या एकमेव रस्त्यावर जुना दगडी पूल आहे अशी गावे कोणती? उत्तर मिनिटभरात येते. एकही फोन लागण्यापूर्वी मदतपथकाची पहिली दहा गावे ठरतात.

फोनचा मुद्दा महत्त्वाचा आहे, म्हणून थोडा थांबतो. आपत्तीनंतर नियंत्रण कक्षात ज्या गावांचे फोन येतात, त्यांच्याकडे आपण धावतो. पण ज्या गावात फोन करायला माणूस किंवा मनोरा उरलेला नाही, ते गाव गप्प असते. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातले माळीण डोंगराखाली गाडले गेले. ही बातमी जगाला पहिल्यांदा कळली ती एस.टी.च्या चालकामुळे. तो नेहमीच्या फेरीला गेला आणि गाव जागेवर नाही असे त्याला दिसले. दीडशेच्या वर माणसे मातीखाली होती. एस.टी. त्या रस्त्याने जाणारी नसती तर? नकाशावर प्रत्येक गावापुढे एक खूण असली पाहिजे : संपर्क झाला, की झाला नाही. दोन तासांत ज्याच्यापुढे खूण झाली नाही, त्या गावाकडे आधी माणूस पाठवायचा.

सरकारने काही केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. किल्लारीनंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने जो पुनर्वसन कार्यक्रम झाला, त्याच्याच पोटात राज्याचा आणि जिल्ह्यांचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा, मंत्रालयातला नियंत्रण कक्ष आणि संगणकीय नकाशे यांचे काम सुरू झाले. नागपूरचे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र १९८८ पासून राज्याचे नकाशे तयार करत आहे. 'इस्रो'चे 'भुवन' २००९ पासून सर्वांसाठी खुले आहे. २००५ च्या कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण आले. जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष, जिल्हा परिषदेचे अध्यक्ष सहअध्यक्ष. जिल्ह्याचा आराखडा दरवर्षी तपासून अद्ययावत करावा असे हाच कायदा सांगतो. एकेकाळी सर्वेक्षण विभागाचा नकाशा मिळवायचा म्हणजे अर्ज-विनंत्यांचा घोळ असे. २०२१ च्या फेब्रुवारीत केंद्राने ते निर्बंध बरेचसे सैल केले. थोडक्यात, वरून दिसणारे पुष्कळसे आज उपलब्ध आहे.

वरून जे दिसत नाही, ते आपल्या जिल्ह्याच्या संदर्भात पाहू. क्षेत्रफळाने हा राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा, सतरा हजार चौरस किलोमीटरांचा. चौदा तालुके, शेजारी सात जिल्हे. अकोल्याच्या रतनवाडीहून जामखेडला जायचे तर रस्त्याने दोनशेहून अधिक किलोमीटर. आता समजा नियंत्रण कक्षात निरोप आला, 'पिंपळगावात घरे पडली.' कोणते पिंपळगाव? एकट्या नगर तालुक्यात पिंपळगाव माळवी आहे, पिंपळगाव उज्जैनी आहे, पिंपळगाव वाघा आहे, पिंपळगाव कौडा आहे. श्रीगोंद्याकडे गेलात तर पिंपळगाव पिसा आहे. घाबरलेला माणूस फोनवर पूर्ण नाव सांगत नाही. त्याच्या लेखी पिंपळगाव एकच असते. आणि बागायती पट्ट्यात तर निम्मे गाव गावात राहतच नाही, वस्त्यांवर राहते. 'शिंदे वस्ती', 'पवार वस्ती' हे पत्ते टपालवाल्याला कळतात, १०८ च्या चालकाला कळत नाहीत. म्हणून गावाला नावाबरोबर क्रमांक हवा. जनगणनेने प्रत्येक गावाला सहा आकडी क्रमांक दिलेला आहे. अहमदनगरचे अहिल्यानगर झाले, पुण्यश्लोक अहिल्यादेवींच्या चौंडीचा जिल्हा त्यांच्या नावाने ओळखला जाऊ लागला; पण जुन्या याद्या जुन्या नावाने आहेत आणि नव्या याद्या नव्या, आणि संगणकाच्या लेखी ही दोन वेगळी ठिकाणे ठरतात. क्रमांक एक राहिला तर हा घोळ होत नाही.

याहून मोठी उणीव दुसरीच आहे, आणि तिच्याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. तलाठ्याकडचा गावनकाशा आपण सर्वांनी पाहिला आहे. इंग्रजांच्या काळापासूनची मोजणी, बांधाबांधाची, गुंठ्या-आण्याची. शेताचा प्रत्येक कोपरा त्यात आहे. कारण सारा शेतावर होता. आणि मधोमध एक आकार असतो, त्यावर लिहिलेले असते 'गावठाण'. आत काही नाही. ना गल्ली, ना घर, ना विहीर. दोन हजारांहून अधिक वस्तीच्या गावांत गावठाणाची मोजणी करण्याची तरतूद होती. बाकी हजारो गावांची गावठाणे नकाशावर कोरा ठिपका म्हणून राहिली. भूकंपात माणूस शेतात मरत नाही, घरात मरतो. जिथे माणसे मरतात तेवढीच जागा आपल्या नकाशात दीडशे वर्षे कोरी होती.

हा ठिपका आता भरू लागला आहे. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावी ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग आपल्याच राज्यात झाला, आणि २४ एप्रिल २०२० रोजी केंद्राने 'स्वामित्व' योजना देशभरासाठी जाहीर केली. हेतू मालकीची सनद देण्याचा आहे, कर्ज-तारणाचा आहे. तरी त्यातून गावठाणाच्या घराघराची अचूक आकृती हाती येते आहे. मदतकार्याच्या दृष्टीने हे फार मोठे साधन आहे. मात्र ड्रोन वरून छप्पर पाहतो. बाहेरून गिलावा केलेली भिंत आतून दगड-मातीची आहे, हे त्याला दिसत नाही. मागच्या खोलीत अंथरुणाला खिळलेली आजी आहे, हेही दिसत नाही.

दीडशे वर्षे गावठाण कोरे राहिले, आणि गावठाणाच्याही बाहेर राहणारे? अकोल्याच्या डोंगरातल्या ठाकरवाड्या, माळावर पालं ठोकून राहणारी भटकी कुटुंबे, गावकुसाबाहेरची घरे. आणि ऑक्टोबर ते मार्च या काळात साखर कारखान्यांच्या परिसरात उसाच्या पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात. पाथर्डी-शेवगावचे, बीडकडचे ऊसतोड कामगार बायका-मुलांसह तिथे मुक्कामाला असतात. जनगणनेत ते त्यांच्या गावी मोजलेले आहेत. भंडारदऱ्याखालच्या किंवा मुळाकाठच्या त्या शिवारात त्यांची कुठेही नोंद नाही. धक्का रात्री बसला तर पाचटाची कोप मारणार नाही, हे खरे. पण धरणाचे पाणी सुटले तर? भंडारदरा धरण १९२६ चे. १९६९ मध्ये त्याला भेगा जाऊन गळती वाढली आणि पुढे पाठीमागून आधार देऊन ते बळकट करावे लागले. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतर कोयनेच्या धरणालाही तडे जाऊन मजबुतीकरण करावे लागले होते. धरण फुटेल अशी भीती मी घालत नाही. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने आणीबाणीची योजना आणि कोणत्या पातळीला कुठवर पाणी येईल याचे नकाशे आवश्यक ठरवले आहेत. प्रवराकाठच्या अकोले-संगमनेरपासून प्रवरासंगमापर्यंतच्या किती गावांनी आपल्या गावाची ती रेषा पाहिली आहे, हा प्रश्न आपण आपल्या ग्रामसभेत विचारला पाहिजे. आणि त्या रेषेच्या आत कोप्या किती आहेत, हे गळिताच्या हंगामात दर वर्षी नव्याने मोजले पाहिजे. समरसतेचा उच्चार आपण नेहमी करतो. नकाशावर ज्याचे घर नाही त्याच्याकडे मदत शेवटी जाते, हा तिचा अगदी व्यावहारिक भाग आहे.

भूजने आणखी एक धडा दिला. २६ जानेवारी २००१, सकाळी ८ वाजून ४६ मिनिटे. प्रजासत्ताकदिनाच्या फेरीला निघालेली अंजारची मुले अरुंद गल्लीत दोन्ही बाजूंच्या घरांखाली गाडली गेली, आणि भूजचे जे मोठे सरकारी रुग्णालय नकाशावर जखमींसाठी दाखवायचे, तेच कोसळले होते. म्हणजे दवाखान्याच्या ठिकाणी लाल अधिकचिन्ह काढून भागत नाही. ती इमारत उभी राहील का, आणि न राहिल्यास मोकळे मैदान कोणते, हेही लिहावे लागते. याउलट नेपाळचे पाहा. २५ एप्रिल २०१५ च्या ७.८ तीव्रतेच्या भूकंपात तिथे नऊ हजारांच्या आसपास माणसे गेली. पण 'काठमांडू लिव्हिंग लॅब्स' या तिथल्या तरुणांच्या संस्थेने भूकंपाच्या आधीच दोन-तीन वर्षे खपून काठमांडू खोऱ्यातल्या शाळा, दवाखाने, गल्ल्या खुल्या नकाशावर चढवून ठेवल्या होत्या. धक्का बसल्यानंतर जगभरातल्या हजारो स्वयंसेवकांनी उपग्रहचित्रांवरून उरलेल्या खेड्यांचे रस्ते आणि घरे आपापल्या घरी बसून काढली, आणि मदतपथकांनी ते नकाशे वापरले. त्या मुलांकडे मोठी यंत्रसामग्री नव्हती. पायी हिंडण्याची तयारी होती.

पायी हिंडणे आपल्या जिल्ह्याला नवे नाही. हिवरे बाजारने पाण्याचा ताळेबंद मांडला, दरेवाडीसारख्या गावांनी पाणलोटाची कामे केली, ती शिवारफेरी काढूनच. ओघळ कुठे, बांध कुठे, विहीर कोणाची, हे गावकऱ्यांनीच जमिनीवर रांगोळीने काढून दाखवले. त्याच धर्तीवर आता गावफेरी काढायची आहे. शेताऐवजी घरे पाहायची. चार तरुण, एक शिक्षक, गावच्या आशाताई आणि एक म्हातारा माणूस. म्हातारा आवर्जून घ्या, जुनी पडकी विहीर कुठे बुजवली आणि कोणत्या वाड्याची भिंत पोटातून फुगली आहे हे त्यालाच ठाऊक असते. मोबाईलवर प्रत्येक ठिकाणाचे अक्षांश-रेखांश मिळतात, ते नोंदवा. दगड-मातीची घरे, अंथरुणाला खिळलेली माणसे असलेली घरे, एकट्या राहणाऱ्या वृद्धांची घरे, रुग्णवाहिका वळू शकेल असा रस्ता, हेलिकॉप्टर उतरेल एवढे तारा-झाडांविना मैदान, पाण्याचे स्रोत, जेसीबी कोणाकडे आहे, गॅस कटर कोणाकडे आहे. या बाबतीत आपला जिल्हा श्रीमंत आहे. साखर कारखाना म्हणजे क्रेन, कटर, वेल्डर आणि ट्रॅक्टर यांचे भांडारच. नगर शहरात लष्कराची मोठी केंद्रे आहेत. लोणीला आणि विळद घाटात मोठी रुग्णालये आहेत. पण कारखान्याचे कोठार रात्री कोण उघडतो, त्या माणसाचे नाव आजच्या घडीला कोणत्या यादीत आहे?

एक पथ्य पाळायचे. एकट्या राहणाऱ्या वृद्धेचे घर कोणते, ही माहिती संकटात जीव वाचवते आणि एरवी चोराला वाट दाखवते. म्हणून रस्ते, मैदाने, पाणी, दवाखाने हे सर्वांसाठी खुले असू द्या. घरांतल्या माणसांची नोंद मात्र ग्रामपंचायत, पोलीस पाटील आणि पथकप्रमुख यांच्यापलीकडे जाऊ देऊ नका. व्हॉट्सॲपवर तर मुळीच नको. दुसरे असे की, हे काम प्रशासनाशी स्पर्धा म्हणून करायचे नाही. तयार झालेली माहिती तहसीलदारांमार्फत जिल्हा प्राधिकरणाकडे द्या, गावाच्या सहा आकडी क्रमांकासह द्या, आणि ती आराखड्यात चढली की नाही याची पोच मागा. पोच मिळेपर्यंत पाठपुरावा करणे हेही सेवाकार्यच आहे, जरा कंटाळवाणे असले तरी.

शेवटची सूचना अगदी साधी. धक्क्यानंतर वीज जाईल, मोबाईलचे मनोरे बंद पडतील, आणि संगणकातला सुंदर रंगीत नकाशा संगणकातच राहील. म्हणून कागदावर मोठ्या आकाराच्या तीन प्रती काढा. एक तहसील कचेरीत, एक शेजारच्या गावात, कारण तुमच्या गावात पहिला धावून येणार आहे तो शेजारचा गाव. तिसरी गावातच, पण ग्रामपंचायतीच्या जुन्या दगडी इमारतीतल्या कपाटात ठेवू नका; तालमीच्या पत्र्याच्या खोलीत किंवा शाळेच्या मैदानालगतच्या एखाद्या हलक्या शेडमध्ये, प्लास्टिकच्या नळीत गुंडाळून ठेवा, आणि ती कुठे आहे हे किमान दहा घरांना माहीत असू द्या. दर वर्षी अनंत चतुर्दशीच्या सुमारास ती बाहेर काढून पडलेली घरे खोडा, नवी चढवा.

माझा वेळ संपला आहे. ज्यांच्या गावाची स्वामित्व योजनेची मोजणी झालेली आहे, त्यांनी चहाच्या वेळी मला भेटावे. त्या नकाशावर पुढचे काम कसे चढवायचे याचा एक नमुना मी बरोबर आणला आहे.